पुराच्या आधी आणि पुराच्या नंतर

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर पूर दोन दिशांनी येतो. एक सह्याद्रीवरून खाली उतरतो, दुसरा समुद्रातून खाडीच्या वाटेने वर चढतो. देशावरच्या शेतकऱ्याला बहुधा एकाच पुराची काळजी असते. नदी वरून आली की तिचे पाणी आज ना उद्या खाली निघून जाणार, हे त्याला ठाऊक असते. आपल्याकडे मात्र नदीचे पाणी समुद्राच्या दाराशी येऊन थबकते. दार उघडे असले, म्हणजे ओहोटी असली, तर ते निघून जाते. दार बंद असले, म्हणजे भरती असली, तर ते कुठे जाणार? तुमच्या खाचरात, तुमच्या पडवीत आणि तुमच्या विहिरीत.

श्रोतेहो, आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. पुराच्या दिवशी करण्यासारखे फार थोडे असते. जे करायचे ते पुराच्या आधीच्या कोरड्या दिवसांत आणि पुरानंतरच्या पहिल्या आठवड्यात. आणि त्यातले सर्वांत मोठे काम असे आहे, की ते कोणा एका घराने करतो म्हटले तरी होत नाही.

प्रथम आपण या दोन पुरांतला फरक नीट ध्यानात घेऊ. २४ जुलै १९८९ रोजी अंबा नदीला जो पूर आला, त्याने सुधागड तालुक्यातले जांभूळपाडा उद्ध्वस्त केले आणि नागोठण्यातही हाहाकार माजवला. तो डोंगराचा पूर. असा पूर काही तासांत चढतो, त्याला वेग असतो, आणि तो माणसे, गुरे व घरे वाहून नेतो. त्याच्यापुढे सामान वाचवण्याचा विचारच करायचा नाही; उंच जागा गाठायची. याउलट धरमतरच्या खाडीकाठी, पेण व अलिबाग तालुक्यांतल्या खारगावांत, जो पूर येतो तो चढतो हळू आणि बसतो मात्र दिवसेंदिवस. तो सहसा माणूस नेत नाही. पण वर्षाचे पीक नेतो, आणि जाताना शेतात मीठ ठेवून जातो.

महाडसारख्या गावी हे दोन्ही पूर एकमेकांना भेटतात. सावित्री उगम पावते महाबळेश्वरी, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महाडापाशी तिला गांधारी मिळते आणि तिथून खाली नदीत भरतीचे पाणी चढते. २२ जुलै २०२१ रोजी महाडचे तळमजले पाण्याखाली गेले, माणसांनी गच्च्या गाठल्या, आणि त्याच दिवशी त्याच तालुक्यात तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी तिथी होती आषाढ शुद्ध त्रयोदशी. पौर्णिमा दोनच दिवसांवर आली होती. मुख्य कारण अर्थात डोंगरावरचा पाऊस, यात वाद नाही. परंतु नदी ज्या तोंडाने रिकामी व्हायची, ते तोंड त्या दिवसांत चढत्या उधाणाने दिवसातून दोनदा दाबले जात होते, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की हवामान खात्याचा इशारा ऐकताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडेही एक नजर टाका. आपल्या कोळी-आगरी वडीलधाऱ्यांना एक हिशेब तोंडपाठ असे. तो नव्या पिढीने मोबाईलच्या भरवशावर सोडून दिला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करा, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बारा-साडेबाराच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. दिवसातून भरत्या दोन, त्यांच्यात सुमारे साडेबारा तासांचे अंतर, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकेल. खाडीत आत गेलात तर भरती आणखी उशिरा पोचेल. बंदरातल्या तक्त्याची सर त्याला नाही. पण रात्री वीज गेली, मोबाईलचा मनोरा बंद पडला, तरी हा हिशेब बंद पडत नाही.

याच हिशेबात आणखी एक मर्म आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असते. पाणी सर्वांत उंच चढते ते बहुधा तिथीनंतर एक-दोन दिवसांनी. पण उधाणात ओहोटीही खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते; तेव्हा भरती फार चढत नाही, तशी ओहोटीही फार उतरत नाही. म्हणजे काय? उधाणाच्या दिवसांत बांधाला धोका अधिक, परंतु ओहोटीच्या वेळी शेतातले पाणी बाहेर काढण्याची संधीही अधिक. भांगाच्या दिवसांत बांध सुरक्षित, पण निचरा मंद. ज्या गावाला हे कळते, ते मोठ्या पावसाचा इशारा आल्याबरोबर आधीच्या ओहोटीलाच उघाडीतून शेते उपसून घेते. लावणीला जेवढे लागते तेवढे बोटभर पाणी ठेवायचे आणि बाकीची जागा येणाऱ्या पावसासाठी रिकामी करायची.

ही जागा किती लागते याचा अंदाज यावा म्हणून एक साधे गणित सांगतो. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होते सुमारे दहा हजार लिटर. एकरावर चार लाख लिटर. आपल्याकडे जुलैमध्ये दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस पडला तर वर्तमानपत्रात त्याची मोठीशी बातमीही होत नाही. शंभर एकरांच्या खारीवर असा पाऊस पडला तर एका दिवसात आठ कोटी लिटर पाणी साचले. ते सारे बाहेर जायचे एका-दोन उघाड्यांतून, आणि तेही ओहोटी असेल तेवढ्याच तासांत. उघाडीची झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. किती सोपी युक्ती! पण झडपेत एक लाकडाचा ओंडका अडकला, प्लास्टिकच्या पिशव्यांचा बोळा बसला, की झडप मिटत नाही. आणि मग ज्या वाटेने गोडे पाणी बाहेर जायचे त्याच वाटेने खारे पाणी आत येते.

आता मी ज्या मोठ्या कामाचा उल्लेख केला, त्याकडे वळतो. ते काम म्हणजे बांध.

आपल्या किनाऱ्यावरची पुष्कळशी जमीन निसर्गाने दिलेली नाही. ती माणसांनी समुद्राकडून मागून घेतलेली आहे. मेढेखार, खारपाडा ही गावांची नावेच तशी साक्ष देतात. खाडीच्या चिखलाचे गोळे हाताने रचून, दगड लावून, पिढ्यान्‌पिढ्या हे बांध उभे राहिले. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, विशेषतः पेण भागात, शिलोत्री नावाची जमीनधारणा होती. १८८३ च्या गॅझेटियरात तिची नोंद आहे. तिचे तात्पर्य असे, की समुद्राला बांध घालून मिळवलेली जमीन ज्याने कसायची त्याने तो बांधही राखायचा. जमीन आणि बांध ही दोन निराळी खाती नव्हती.

पुढे काळ बदलला. खोतीचा जुलूम या भागाने भोगला आणि त्याविरुद्ध १९३३ ते १९३९ असा सहा वर्षांचा चरीचा संप नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढवला. १९४८ साली कूळकायदा आला, कसणारा मालक झाला, आणि हे योग्यच झाले. पण जुनी व्यवस्था मोडली तेव्हा बांधाचे काय, हा प्रश्न उरला. म्हणूनच १९४८ सालीच खारजमिनींचा कायदा करावा लागला, आणि पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा खार जमीन विकास कायदा झाला. आज शासनाच्या योजनेत घेतलेल्या बांधांचे काम खारभूमी विकास खात्याकडे आहे. समुद्राच्या अंगचा बाहेरचा बांध मोठा, खर्चाचा. तो एकट्या गावाला पेलणारा नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु खाते बांध बांधील; बांधावरून रोज चालणारा माणूस खाते कुठून आणणार?

आणि खरी गोम तिथेच आहे. बांध फुटतो तो एका रात्रीत, पण त्याची तयारी महिनोन् महिने चालू असते. चिंबोरीने एक बीळ केले. त्या बिळातून भरतीला करंगळीएवढी धार आत आली. ओहोटीला ती बाहेर गेली, जाताना मूठभर माती घेऊन गेली. असे पंधरा दिवस झाले. मग उधाण आले आणि खांड पडली. पहिल्या दिवशी ती खांड दोन माणसे चार घमेल्यांत बुजवतील. महिन्याने तिला होडी लागेल. दोन वर्षांनी सरकारी अंदाजपत्रक लागेल. आणि आणखी काही वर्षांनी त्या शेतात तिवरे उभी राहतील.

तिवरे उभी राहिली म्हणजे काय होते, हे खाडीकाठच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. कांदळवन तोडायला मनाई आहे. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने ती अधिकच सक्त झाली. तुमच्या सातबाऱ्यावर भातशेती लिहिलेली आणि प्रत्यक्षात तिथे तिवरांचे रान, अशी अवस्था काही गावांत आली आहे. यात तिवरांचा दोष नाही. बांधाच्या बाहेरची तिवरे हा तर बांधाचा पहिला पहारेकरी आहे. लाटेचा जोर ती तोडतात, चिखल धरून ठेवतात. ज्याने बांधासमोरची तिवरे तोडली त्याने आपल्याच बांधाच्या मुळावर घाव घातला. तिवरे बाहेर हवीत आणि भात आत हवे. ही दोन्ही आपापल्या जागी ठेवणारा जो बांध, तो मात्र आज अनाथ होत चालला आहे. घरातला मुलगा मुंबईला किंवा कारखान्यात, जमीन एखाद्या गुंतवणूकदाराला विकलेली, शेजारी म्हणतो माझे शेत आत आहे, बांधालगत नाही. पण पाण्याला शेजारी कळत नाही. खांड माझ्या शेतापाशी पडली तरी मीठ साऱ्या खारीत फिरते.

म्हणून प्रत्येक खारगावाने एवढे तरी करावे. होळीनंतर आणि रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, एखाद्या उधाणाच्या दिवशी, भर भरतीच्या वेळी, घरटी एक माणूस अशा रीतीने संपूर्ण बांधावरून चालत जावे. भरतीच्या वेळी अशासाठी, की गळती तेव्हाच दिसते. जिथे आतल्या अंगाला ओल दिसेल तिथे काठी रोवून खूण करावी आणि ओहोटीला ती जागा खणून, घट्ट चिकणमाती ठोकून बुजवावी. नुसते बिळाचे तोंड लिंपू नये. उघाडीच्या झडपा, बिजागऱ्या, पुढची चर साफ करावी. जे काम गावाच्या हाताबाहेरचे असेल त्याचे छायाचित्र काढून, जागा लिहून, ग्रामसभेच्या ठरावासह खात्याकडे मेच्या आत द्यावे. जुलैत दिलेला अर्ज हा अर्ज नसतो. ती तक्रार असते. आणि पावसाळ्यातल्या प्रत्येक उधाणाला बांधावर कोणी फिरायचे, याची पाळी आधीच लावून टाकावी.

आता घराकडे येऊ. घरची तयारीही कोरड्या दिवसांतलीच. आजवरचे सर्वांत उंच पाणी कुठवर आले होते, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून भिंतीवर रंगाची रेघ मारा. जे भिजून चालणार नाही ते सारे त्या रेघेच्या वर, हा नियम. भाताची कणगी, बियाणे, शिधा माळ्यावर. सातबारा, बँकेचे पुस्तक, रेशनकार्ड, आधारकार्ड, विम्याचे कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एकाच ठिकाणी, आणि त्यांची छायाचित्रे मुंबईच्या नातेवाइकाच्या मोबाईलवर. विजेचे मुख्य बटण कोणते, हे घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलालाही, ठाऊक असावे. गॅसची टाकी बंद करून बांधून ठेवावी, नाही तर ती तरंगत जाते. बॅटरी, काडेपेटी, रोजची औषधे, दोन दिवसांचे पिण्याचे पाणी, पोहे-चिवडा, आणि सेलवर चालणारा एक रेडिओ. हे मी आकाशवाणीची जाहिरात म्हणून सांगत नाही, बरे का! वीज आणि मोबाईल एकदम बंद पडतात तेव्हा बातमी आणायला दुसरे कोणी उरत नाही.

गुरांना फऱ्या आणि घटसर्पाच्या लशी पावसापूर्वी टोचून घ्याव्यात. आणि पाणी चढू लागले की सर्वांत आधी गोठ्यात जाऊन दावी सोडावीत. मोकळे जनावर पोहून जीव वाचवते. बांधलेले जनावर दाव्यालाच मरते. दावे सोडायला अर्धे मिनिट लागते, आणि भीतीच्या घाईत नेमके तेच राहून जाते.

घर केव्हा सोडायचे? याचे उत्तर आधी ठरवून ठेवावे, पाण्यात उभे राहून वाद घालू नये. म्हातारी माणसे, गरोदर बाई, आजारी माणूस यांना रस्ता उघडा असतानाच हलवावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांची त्याने दैना केली. पण किनाऱ्यावरची माणसे आदल्या दिवसापासून हलवली होती म्हणून पुष्कळ जीव वाचले. माडाचे झाड पुन्हा लावता येते. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी आणखी खुणा ओळखाव्यात: जमिनीला नवी भेग, झाडे किंवा खांब कललेले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झालेले, दारे-खिडक्या अडकू लागलेल्या. यांपैकी एकही दिसली तर सकाळची वाट पाहू नये. आणि साकवावरून किंवा पुलावरून पाणी चालले असेल तर ओलांडण्याचा मोह आवरावा. गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या. अंधारात पूल आहे की नाही हेही दिसत नाही. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक ध्यानात ठेवावा.

पूर ओसरला, की दुसरा अध्याय सुरू होतो. अनेकदा पुरापेक्षा हाच अधिक घातक ठरतो.

घरात शिरण्यापूर्वी घराभोवती एक फेरी मारा. मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि पाणी उतरल्यावर, वाळताना, कोसळते. भेगा दिसल्या तर आत जाऊ नका. विजेचे मुख्य बटण तारमिस्त्रीने पाहिल्याखेरीज लावू नका. कोपरे, पेट्या, लाकडे काठीने हलवून मगच हात घाला. फुरसे, घोणस, मण्यार यांनीही पुरात आसरा शोधलेला असतो. साप चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका. माणसाला चालू न देता थेट रुग्णालयात न्या. साफसफाई करण्याआधी छायाचित्रे काढा. मग गाळ ओला असेपर्यंतच काढून टाका. वाळला की तो दगड होतो.

विहिरीचे पाणी स्वच्छ दिसले तरी पिण्याजोगे समजू नका. आधी गाळ उपसा. मग ब्लीचिंग पावडर. प्रमाण असे: हजार लिटरला निदान अडीच ग्रॅम. विहीर तीन मीटर रुंद आणि पाणी चार मीटर असेल तर ते सुमारे अठ्ठावीस हजार लिटर भरते. म्हणजे सत्तर ग्रॅम. पुराने घाण झालेल्या विहिरीला याहून अधिक लागते, म्हणून आरोग्यसेवकाकडून तपासून घ्यावे. पावडर बादलीत कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा, वरचे निवळ विहिरीत सोडून पाणी ढवळावे आणि निदान तासभर थांबावे. तोपर्यंत आणि त्यानंतरही आठवडाभर पाणी उकळून प्यावे. जुलाब सुरू झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, हे पाजत राहावे.

आणखी एका रोगाचे नाव ध्यानात ठेवा: लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या व गुरांच्या मुतातून त्याचे जंतू पुराच्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतात. २००५ च्या जुलैत मुंबईत एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि नेमकी त्याच दुपारी मोठी भरती होती. त्या पुरानंतरच्या आठवड्यांत या रोगाने पुष्कळ बळी घेतले. पाण्यातून चालून आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या दुखणे असे झाले तर ती सर्दी समजून घरी पडून राहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आणि मी पुरात होतो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही, ते तेच सांगतील.

आता शेत. पहिले काम निचरा. भाताचे रोप डोक्यावरून पाण्यात गेले तर साधे वाण चार-पाच दिवस, फार तर आठवडाभर तग धरते. पंधरवडा टिकणारी वाणे निघाली आहेत आणि पूर्व भारतात ती पसरलीही आहेत. आपल्याकडे लावायची तर कृषी विद्यापीठाला विचारूनच लावावीत. पाणी उतरल्याबरोबर युरिया फेकण्याची घाई करू नये. रोपाच्या मुळांना आधी श्वास घेऊ द्यावा. नवी पालवी दिसली, की मग थोडा हप्ता द्यावा. फार नत्र दिले तर कडा करपा बळावतो. लष्करी अळीवर नजर ठेवावी. ती पुरानंतरच्या उघडिपीत येते आणि रात्रीत शेत खाते. जे चूड मेले तिथे शेजारच्या जोमदार चुडांचे फुटवे काढून नांगे भरावेत.

सारे रोपच गेले असेल तर? जुलै अखेरपर्यंत आशा सोडू नये. नवी रोपवाटिका करायला वेळ नसतो, तेव्हा आपल्या खारीतली जुनी रहू पद्धत कामाला येते: भात भिजवून, मोड आणून, चिखलणी केलेल्या शेतात फेकायचे. वाण मात्र हळवे घ्यावे. त्यासाठी गावाने थोडे हळवे बियाणे माळ्यावर राखून ठेवणे हा मोठा विमा आहे. बी भिजले असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी; ऐंशी उगवले तर बी चांगले. भिजलेले खाण्याचे भात एक-दोन दिवसांत पसरून वाळवावे. वास आलेले, बुरशी धरलेले धान्य माणसाला नाहीच, पण गुरांनाही घालू नये.

खारे पाणी शिरले असेल तर औषध एकच, आणि ते फुकट आहे: पाऊस. आधी खांड बुजवा. मग शेतात पावसाचे पाणी कोंडा, दोन-तीन दिवस ठेवा, खोल ओहोटीला उघाडीतून सोडून द्या, आणि पुन्हा कोंडा. दरवेळी थोडे मीठ जाते. जुलैत शिरलेले मीठ असे पुष्कळ धुऊन निघते. पण पाऊस संपल्यावर शिरलेले मीठ उन्हाने वर येऊन पांढरे फुटते आणि पुढच्या पावसापर्यंत तिथेच बसते. म्हणून नवरात्रानंतर बांधाची काळजी संपली असे समजणे धोक्याचे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ ही क्षार सोसणारी भातवाणे काढली आहेत. माती तपासून पुढच्या हंगामासाठी त्यांची चौकशी करावी.

नुकसानीचा पंचनामा महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत यांची माणसे मिळून करतात. ती येण्याची वाट पाहत गाळात बसू नये, परंतु पुरावाही पुसून टाकू नये. छायाचित्र, तारीख, गट क्रमांक, पाणी किती दिवस राहिले, हे वहीत लिहून ठेवावे. पीकविमा घेतला असेल तर त्यात कोणती हानी बसते आणि किती तासांत कळवायचे, हे विमा घेतानाच वाचून ठेवावे. जे आपल्या नावावर नसून आपण कसतो, त्या जमिनीचे कागद पावसाआधीच नीट करावेत. भरपाई नावावर मिळते, घामावर मिळत नाही. ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे, पण खरी आहे.

एवढे सगळे सांगितल्यावर कोणी म्हणेल, की साहेब, हे सारे आम्हांला ठाऊकच आहे. असेल, नव्हे, आहेच. भरतीचा हिशेब तुमच्याच आज्यापणज्यांचा, रहू तुमची, बांध तुमच्याच पूर्वजांनी घातलेला. प्रश्न ज्ञानाचा नाहीच. प्रश्न एकत्र येण्याचा आहे. गणपतीला सारा गाव मुंबईहून येतो आणि वर्गणी काढतो. त्याच वर्गणीत बांधाची एक पावती का असू नये? आणि मेच्या सुटीत जी मुले गावी येतात, त्यांना एका भरतीला बांधावरून फिरवून आणायला काय हरकत आहे? ज्या मुलाने खांड कशी पडते ते डोळ्यांनी पाहिले आहे, तो उद्या ठाण्यात राहिला तरी आपले शेत असे सहज बुडू देणार नाही.

तेव्हा येत्या पौर्णिमेला, दुपारी बाराच्या सुमारास, एवढेच करा. शेजाऱ्याला हाक मारा, हातात काठी घ्या, आणि बांधावर जाऊन या. ओल कुठे दिसते ते पाहा. बाकीचे काम तिथून आपोआप सुरू होईल. नमस्कार.